रडायचं तर मंगळवारी रड!

विशेष गरजा असलेल्या मुलाचे आईबाप आहात? मग त्याच्या मनाचा शाळेला त्रास होऊ नये म्हणून काय काय करायचं ते ऐका. परवा गुरुवारीच शिकून आलेय.

आधी मुलाला वार शिकवा. आमच्याकडे काउन्सेलर मॅडम मंगळवारी अकरा ते एक येतात. आमचे चिरंजीव, पाचवीतले, डिस्लेक्सियावाले, म्हणजे वाचता-लिहिताना अडखळणारे, रडले गुरुवारी. शिस्तच नाही!

सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणाला तर सोनोग्राफी करा. नॉर्मल आली तर दुसरीकडे करा. रविवारी का दुखत नाही, असलं काही विचारत बसू नका.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आठव्या वर्षी सर्टिफिकेट काढलंत तरी चौदाव्या वर्षी परत तपासणी, अठराव्या वर्षी परत. मध्येच बरा झाला तर काय घ्या!

त्या कागदावर मात्र सवलती मिळतात हं. पेपरला तासामागे २० मिनिटं जादा, लेखनिकसुद्धा. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला लावतात तेव्हाची सवलत कुठल्या जीआरमध्ये आहे ते मला सापडलं नाही. गुरुवारी त्याने ‘घर’चं ‘धर’ वाचलं. वर्ग हसला. हसू देत, पोरंच ती. पण बाईही हसल्या, वर म्हणाल्या, "कुणाला धरू रे?" पोरगा बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसला. चाळीस मिनिटं! शेवटी शिपाई मामांनी दाराबाहेर बसून गप्पा मारत त्याला बाहेर काढलं. मला फोन आला तो कशासाठी, तर "तुमच्या मुलामुळे तास बुडाला." काउन्सेलर मॅडमना कळवलंत का? "मंगळवारी सांगू ना."

घरी आल्यापासून वहीत ‘घर’ लिहितोय आणि खोडतोय. कागदाला भोक पडलंय.

फाटकावर ‘सर्वसमावेशक शाळा’ असा फलक लावलाय, त्याखालून रोज जाता ना मुख्याध्यापिका मॅडम? मग एकदा बाईंना बोलावून विचारा, दहा वर्षांच्या पोराला हसताना काय वाटलं? जे मामांना सुचलं ते बीएड झालेल्यांना का सुचू नये? आणि ग्रुपवर मला "थोडं स्ट्राँग कर त्याला" सांगणाऱ्यांनो, तुमची पोरंही हसली होती. त्यांच्याशी बोला आधी.

सोमवारी मी शाळेत येतेय. मंगळवारची वाट बघणार नाही.