नाव कापण्याआधी दार वाजवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मतदार यादीला आधार जोडण्याच्या विरोधात मी लिहिलेल्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही शिक्षक म्हणून बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघर फिरून मतदार यादी तपासणाऱ्या केंद्र अधिकाऱ्याचं, काम केलंत. एकाच माणसाचं नाव कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या यादीत आणि करवीरमधल्या त्याच्या गावच्या यादीतही असलेलं तुम्ही पाहिलंत. आधार जोडलं की अशी दुबार नावं आपोआप गळतील, रेशन-बँक-गॅसला आधार देताना कुणी कुरकुरत नाही, मग मतदानालाच का, आणि ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याला भीती कसली, असं तुमचं म्हणणं. शेवटी तुम्ही विचारलंत, की मी स्वतः सहा ब फॉर्म, म्हणजे मतदार यादीसाठी आधार क्रमांक देण्याचा फॉर्म, भरला का.

दुबार नावांबद्दल आपल्यात वाद नाहीच. नोकरी शहरात, शेती आणि देव्हारा गावात, हे कोल्हापुरात घरोघरी आहे. नाव दोन्हीकडे राहतं आणि ते एकीकडचं निघालंच पाहिजे. पण आधारने ते कसं निघणार? ज्याला दोन्हीकडचं मत हवंय तो एकाच ठिकाणी क्रमांक देईल आणि दुसरीकडे गप्प बसेल. मतदार यादीला आधार जोडण्याच्या २०२१ च्या कायद्यातच लिहिलंय, की पुरेशा कारणामुळे आधार देता आलं नाही तर नाव वगळता येणार नाही. म्हणजे लबाडी करणारा सुटतो आणि तपासणी होते ती सरळपणे क्रमांक देणाऱ्याची. मयत मतदारांचंही तसंच. आधारच्या नोंदींतच मेलेल्या माणसांचे क्रमांक चालू होते, ते २०२५ मध्ये २ कोटींहून जास्त बंद करावे लागले. उलट २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापले, कुठल्या केंद्रावर मत देणार हे मतदाराला विचारायला सांगितलं आणि ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही त्यांच्याकडून केंद्रावर हमीपत्र घ्यायचं ठरवलं. त्यात उणिवा काढता येतील, पण माणसाला विचारूनच निकाल लावायचा हा रस्ता आहे.

माझी खरी काळजी नावं जुळवण्याची आहे. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण तुम्ही या याद्या हाताळल्यात. उदाहरण म्हणून एक नाव घेऊ. मतदार यादीत ‘पाटील सुशीला बाळासो’. आधारवर ‘सुशिला बाळासाहेब पाटील’. बँकेच्या पासबुकावर लग्नाआधी उघडलेलं खातं, म्हणून वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आपल्याकडे बाळासो, आप्पासो, रावसो ही नावं कुणी कशी लिहायची याला धरबंध नाही. लिहिणाऱ्याच्या हाताला येईल तसं ते उमटतं. इंग्रजीत आणखी तिसरंच स्पेलिंग. तुम्ही दारात उभे असता तर एका प्रश्नात कळलं असतं की बाई एकच. संगणकाला तीन बायका दिसतात, किंवा एक बाई आणि एक संशय दिसतो. शिवाय नाव लग्नानंतर बदलतं ते बायकांचंच, त्यामुळे न जुळणाऱ्या यादीत सगळ्यात आधी त्या सापडणार. काळंबेरं कुणाच्या मनात आहे, सर? त्या बाईच्या तर नाहीच.

हे कल्पनेतलं भय नाही. २०१५ मध्ये निवडणूक आयोगाने याद्या शुद्ध करण्याची देशभर मोहीम काढली आणि त्यात आधार जोडायला सुरुवात केली. ११ ऑगस्ट २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने आधारचा वापर मर्यादित ठेवणारा अंतरिम आदेश दिला, म्हणून ती थांबली. तेलंगणात तोवर बरंच काम उरकलं होतं. ७ डिसेंबर २०१८ ला विधानसभेच्या मतदानाला तिथले असंख्य लोक हातात ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले आणि यादीत त्यांचं नावच नव्हतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी माफी मागितली. घरोघर न जाता संगणकाने वेचलेल्या नावांवर भिस्त ठेवली गेली, असा आक्षेप घेऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. माफीने त्या दिवसाचं मत काही परत मिळालं नाही.

तुमच्या रेशनच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य घालवलेल्या मोल्डरचे किंवा वर्षानुवर्षं ऊस तोडणाऱ्या बाईचे ठसे रेशनच्या मशिनवर उमटत नाहीत, तेव्हा दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं, की सरकारी सेवांमध्ये प्रमाणीकरण यशस्वी होण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. मतदान केंद्रावर आज ठसे घेत नाहीत, हे मला माहीत आहे. पण यादी एकदा आधारशी बांधली की पुढची मागणी तीच येईल असं मला वाटतं, आणि मतदानाला ‘उद्या या’ नसतं.

आणखी एक फरक. रेशन-गॅस ही सरकारने द्यायची गोष्ट, तिथे लाभार्थीने ओळख पटवायची असते. मतदार यादीत मात्र नाव आधीच लागलेलं असेल, तर ते नीट तपासूनच लागलंय असं धरायचं आणि काढायचं असेल तर सिद्ध काढणाऱ्याने करायचं, हे लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ म्हणतं, की नाव वगळण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या. संगणकाने ‘जुळत नाही’ म्हटल्यावर सुशीलाबाईंनीच कचेरीत खेटे घालायचे, हा सगळा न्याय उलटा करणं आहे. नागरिकत्वाचं म्हणाल तर आधार तो पुरावाच नाही, आधार कायद्याचं कलम ९ तसं स्पष्ट सांगतं.

आता भीतीबद्दल. आपला जिल्हा गटांवर चालतो. साखर कारखान्याच्या सभासद यादीवरून कोर्टकज्जे होतात, कारण यादी ज्याच्या हातात त्याची निवडणूक निम्मी झालेली असते, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अशा ठिकाणी मतदाराचं नाव, त्याचा आधार क्रमांक आणि त्याच्याशी जोडलेला मोबाईल एका साखळीत आले, तर कोण कुठल्या योजनेचा लाभार्थी आणि कुठल्या केंद्राचा मतदार, हे जुळवायला फार डोकं लागणार नाही. पुदुच्चेरीत २०२१ च्या निवडणुकीत आधारशी जोडलेल्या मोबाईलवरच एका पक्षाचे प्रचाराचे संदेश आल्याची तक्रार मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. आधार प्राधिकरणाने माहिती आपल्याकडून फुटल्याचा इन्कार केला. पण ती तक्रार वाचून मला आपली गावं आठवली.

मग करायचं काय, तर तुमच्यासारख्यांनी जे केलं तेच, अधिक माणसं आणि अधिक वेळ देऊन. दार वाजवायचं, शेजाऱ्याला विचारायचं, ग्रामपंचायतीची मृत्यूची नोंद बघायची. आणि वगळायच्या नावांचं, कारणासकट, चावडीवाचन करायचं. बिहारमध्ये २०२५ च्या पडताळणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली, तेव्हा १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला नेमकं हेच सांगावं लागलं: कुणाचं नाव का गेलं ते लोकांसमोर लावा. आपल्याकडे गावात नाव मोठ्याने वाचलं की दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, ‘अवो, ती हाय की, लेकीकडं पुण्याला गेलीया!’ ही तपासणी कुठल्याच सर्व्हरला जमायची नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. नाही, मी सहा ब भरलेला नाही. २०२२ च्या त्या फॉर्मवर दोनच पर्याय होते: आधार क्रमांक द्या, नाहीतर ‘माझ्याकडे आधार नाही’ असं लिहून द्या. माझ्याकडे आधार आहे आणि मला ते इथे द्यायचं नाही, असं म्हणायला जागाच नव्हती. खोटं मला लिहायचं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने सर्वोच्च न्यायालयात हे ऐच्छिक असल्याचं आणि फॉर्ममध्ये बदल करण्याचा विचार असल्याचं सांगितलं, तोपर्यंत ६६ कोटींहून जास्त लोकांचे क्रमांक घेऊन झाले होते. आमच्या भागातल्या बीएलओ मॅडम आल्या तेव्हा त्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी ओळखपत्र बघितलं, घरातल्यांची नावं यादीशी ताडून पाहिली, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला मागून घेतला आणि पुढच्या घरी गेल्या.