पडदानशीन

माझ्या आयुष्यात लपवण्यासारखं काहीच नाही. आणि हीच तर लपवण्यासारखी गोष्ट आहे.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी 'रिकॉल' जाहीर केलं. संगणक दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार, आणि पुढे कधी 'ते निळं काहीतरी कुठे पाहिलं होतं?' असं विचारलं की एआय शोधून देणार. सगळं तुमच्याच मशीनमध्ये राहील, असं कंपनी म्हणाली. पण चाचणीच्या आवृत्तीत स्क्रीनवरचा मजकूर डेटाबेसमध्ये उघडाच पडलाय, हे जाणकारांनी दाखवून दिलं. बोंबाबोंब झाली, प्रकरण पुढे ढकललं गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये आलं ते 'तुम्ही स्वतः चालू केलं तरच चालू' अशा अटीवर.

ही अट याबद्दलच्या एका लेखाच्या शेवटी होती. मी तो लेख अर्धाच वाचला.

लोकांना काळजी पासवर्डची. माझी वेगळी. ईमेलखाली 'आपला विश्वासू' लिहावं की 'आपला नम्र', यात माझी वीस मिनिटं जातात. पाच सेकंदांना एक धरला तरी दोनशे चाळीस फोटो, आणि सगळ्यांत कर्सर एकाच जागी. शेवटी मी नुसतं 'आपला' लिहून पाठवतो.

मग स्वतःला वळण लावलं. पत्त्यांचा डाव बंद. जुन्या वर्गमित्रांची टकलं बघणं बंद. डुलकी येतेय असं वाटलं की आधी एखादा जाडजूड अहवाल उघडून ठेवायचा. कॅमेऱ्यावर चिकटपट्टीही लावली. नंतर कळलं, हा गडी बाहेर बघतच नाही. आत बसून पडदा बघतो.

'सिग्नल' या मेसेजिंग अ‍ॅपवाल्यांनी मात्र रिकॉलची छान जिरवली. सिनेमा कुणी रेकॉर्ड करू नये म्हणून जे कुलूप असतं, तेच त्यांनी मे २०२५ मध्ये विंडोज ११वर आपल्या चॅटला लावलं. रिकॉलला दिसतो नुसता काळा चौकोन. मला हेवा वाटला. माझ्या अख्ख्या दिवसालाच तसा चौकोन हवा होता.

तीन आठवड्यांनी भाचा आला. "मामा, तू अहवाल कधीपासून वाचायला लागलास?"

मी त्याला बाजूला नेऊन, कुजबुजत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे लॅपटॉपची माहिती उघडली.

"रिकॉलला सोळा जीबी रॅम लागते. शिवाय सेकंदाला चाळीस लाख कोटी आकडेमोडी करणारा एनपीयू, म्हणजे एआयसाठीची खास चिप. तुझ्याकडे रॅम आठ आणि एनपीयू नाहीच. या डब्याला चार टॅब झेपत नाहीत, तो तुझ्यावर पाळत काय ठेवणार?"

हायसं वाटायला हवं होतं. पण तीन आठवडे एवढा सज्जनपणा केला आणि बघायला कुणीच नव्हतं, हे काही पचेना.

रात्री पत्त्यांचा डाव उघडला. तीनदा हरलो. चौथ्यांदा जिंकलो, पत्ते उड्या मारत स्क्रीनभर पसरले, आणि माझा हात आपोआप स्क्रीनशॉटच्या बटणाकडे गेला.