दाजींच्या पन्नाशीला हलकी रायफल द्या

तलवारीने केक कापायचे दिवस आता गेले. रात्री बाराला चौकात केक, सव्वाबाराला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आणि सकाळी शस्त्र कायद्याखाली गुन्हा, हा क्रम कराडपासून इस्लामपूरपर्यंत इतका पाठ झालाय की त्यात आता कुणाचं नावसुद्धा होत नाही. इकडे दाजींची पन्नाशी तोंडावर आलीय. फ्लेक्स लागणार, त्यावर दाजी गॉगल लावून कानाला मोबाईल धरणार आणि खाली आपण सगळे पासपोर्ट साईजमध्ये 'शुभेच्छुक' होणार. यापेक्षा वरचढ काही करायचं असेल तर दाजींना शिकारीची रायफल भेट द्या. दुकानातली नको, खास बनवून घेतलेली. आणि वजनाला एकदम हलकी.

हलकीच का, असं विचारू नका. तिकडे अलास्कात रानमेंढ्यांच्या मागावर जाणारा शिकारी तंबू, शिधा, पांघरूण आणि बंदूक सगळं पाठीवर टाकून दिवसचे दिवस डोंगर चढतो. त्याला हलकी बंदूक लागते. विंचेस्टर कंपनीने तर १९५२ सालीच 'फेदरवेट' नावाची रायफल काढली होती. आता तो नाद फारच पुढे गेलाय. दस्ता कार्बन फायबरचा, नळीवर लांब खाचा, काडतूस आत ढकलणारा बोल्ट आतून पोखरलेला, स्क्रूसुद्धा टायटॅनियमचे. असं करत करत दुर्बिणीसकट चार किलोच्या घरात जाणारी रायफल अडीच किलोवर आणतात.

दाजींनाही डोंगर चढायचा असतोच की. अजिंक्यताऱ्यावर गाडी वरपर्यंत जाते हे खरं, पण गाडीतून उतरून फोटोच्या जागेपर्यंत तरी चालावं लागतं ना? तेवढ्या चालण्यात दीड किलो म्हणजे काही थोडं नव्हे. हे दीड किलो कमी करायला पैसा पाण्यासारखा ओतायचा, आणि तेवढंच वजन कंदी पेढ्यांनी दाजींच्या पोटावर चढलंय याबद्दल अक्कासमोर अवाक्षर काढायचं नाही.

अजून एक गोष्ट दाजींना आधी सांगू नका. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन कमी केलं की धक्का वाढतो. चार किलोच्या रायफलीचा जो धक्का, तोच अडीच किलोच्या रायफलीत दीडपटीहून जास्त जोराने खांद्यावर येतो. हे साधं भौतिकशास्त्र आहे, नववीत येऊन गेलंय, दाजी त्या दिवशी वर्गात नसतील. शिवाय हलकी बंदूक हातात स्थिर राहत नाही, श्वास घेतला तरी टोक हलतं. पातळ नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या विखरायला लागतात. म्हणजे एवढा खर्च करून आपण काय मिळवलं, तर जास्त मारणारी आणि कमी लागणारी बंदूक. पण भेटवस्तूच्या वापराचा विचार देणाऱ्याने करायचा नसतो, नाहीतर लग्नात भिंतीवरची घड्याळं कुणी दिलीच नसती.

आता बनवायची कुठे? आपल्या एमआयडीसीत काय बनत नाही! तुमच्या ओळखीचा एखादा लेथवाला असेलच. तो तंबाखू मळत म्हणेल, "पाईपच हाय की ओ, संध्याकाळपर्यंत काढून देतो." असं म्हणाला की चहा संपवा आणि उठा. विनापरवाना बंदूक बनवण्याला शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दाजींची पन्नाशी हुकेलच, साठीही चुकायची शक्यता आहे. परदेशातून मागवावी म्हटलं तर ती सोय नामांकित नेमबाजांसाठी आहे, नामांकित दाजींसाठी नाही. राहता राहिली सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल. तिला लाकडी दस्ता आहे, पोलादी अंग आहे आणि हलकेपणाचं तिला काडीचं कौतुक नाही.

दस्ता हलका करायचाच असेल तर माणसं मिरजेत मिळतील. तिथले तंतुवाद्य बनवणारे मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटलं, तेव्हा ते पटवर्धनांच्या संस्थानात सतारी-तंबोरे करायला लागले. वाळलेला भोपळा आतून कोरून इतका पातळ करतात की हातात घेतला तर रिकामी टोपली उचलल्यासारखं वाटतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वजन कसं उतरवायचं हे या लोकांपेक्षा जास्त कुणाला कळणार? फक्त त्यांच्यासमोर रायफलीचा विषय काढू नका. हत्यारं सोडून त्यांचं बरं चाललंय.

आणि भेट गुपचूप द्यायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. बंदूक दुसऱ्याला द्यायची तर कुणाला देणार त्याचं नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. म्हणजे दाजींच्या आधी ठाणे अंमलदाराला कळणार, त्याच्याकडून गावाला, आणि गावाकडून दाजींना. वर द्यायला तुमचा परवाना हवा आणि घ्यायला दाजींचा. आजोबांच्या वेळची बारा बोअर आणि आणखी एखादी दाजींच्या नावावर आधीच असेल तर तिसरी बसणार नाही, कारण २०१९पासून मर्यादा दोनची आहे. परवान्याच्या अर्जात कारण विचारतात. तिथे खरं ते लिहा: 'फ्लेक्ससाठी'. 'शिकार' असं मात्र लिहू नका.

शिकारीचं एवढं काय, म्हणाल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. दाजींचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे दाजी जे "आमच्या येळंला रानात काय सावज असायचं" म्हणून सांगतात, ते सगळं कायद्याच्या अंमलाखालचं सांगतात. चारचौघांत त्यांना जरा आवरा. कोयना आणि चांदोली मिळून २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. बिबट्या आणि गवा दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे तीन ते सात वर्षं आत. पीक खाणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण तो कागद हातात पडेपर्यंत डुक्कर ऊस संपवून शेजारच्या मक्यात गेलेलं असतं.

तसंही हलकी रायफल ही सावजामागे चालत जाणाऱ्यांसाठी असते. आपल्याकडे उलटं आहे. बिबट्या शिराळ्याच्या उसात बाळंत होतो, गवा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव बघायला आल्यासारखा येऊन जातो. त्यांच्यासाठी दाजींनी अडीच किलो काय नि दहा किलो काय, काहीच उचलायचं कारण नाही. ओसरीवर बसून राहिलं तरी भेट होईल.

मिरवणुकीत हवेत एखादा बार काढावा, असं डीजेच्या तिसऱ्या गाण्याला कुणाच्यातरी डोक्यात येतंच. त्यासाठीही २०१९च्या दुरुस्तीत वेगळी तरतूद करून ठेवलीय: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखभर रुपये दंड, किंवा दोन्ही. दिल्लीत बसून आपल्या वराती ज्याने इतक्या बारकाईने पाहिल्या, त्या माणसाला मानलं पाहिजे.

एवढ्यातून पार पडून रायफल दाजींच्या घरी आली, हार-गुलाल झाला, अक्काने ओवाळली, की आचारसंहिता लागेल. मग ती ठाण्यात जमा करायची. तिथे कोपऱ्यात गावच्या जुन्या दुनळ्या सुतळीने बांधून, चिठ्ठ्या लावून उभ्या केलेल्या असतात. कारकून आपली रायफल एका हाताने उचलेल, वरखाली करेल, टेबलावर ठेवेल आणि दाजींकडे संशयाने बघून विचारेल, "आतलं सगळं आणलंय न्हवं?" टायटॅनियम, कार्बन फायबर वगैरे त्याला समजावत बसू नका. मुकाट पावती घ्या. निकालानंतर लगेच सोडवून आणायची घाईही नको. लोकसभा झाली की विधानसभा आहे, ती झाली की झेडपी आहे.