पाऊस ऐकू येतो, माणूस नाही

शनिवारची रात्र. दिवे बंद, सिनेमा सुरू. पाऊस पडतोय, तो झकास ऐकू येतोय. पावलं वाजतायत, मागे व्हायोलिन चाललंय. आणि पडद्यावरचा माणूस हातवारे करून तावातावाने काहीतरी सांगतोय, पण त्याचा एक शब्द कानावर पडेल तर शपथ. आई म्हणाली, "अरे, हा मुका दाखवलाय का?" म्हटलं, "नाही गं, थांब जरा." त्या 'जरा'ला आज तीन आठवडे झाले.

5.1 साउंडट्रॅकमध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सहा चॅनेलच्या आवाजात, संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर टाकलेले असतात. पुढे फक्त डावा-उजवा पोचला आणि मधला कुणी त्यांच्यात मिसळलाच नाही, तर पाऊस राहतो आणि माणूस जातो. पीसीवरच्या प्लेयरमध्ये चॅनेल 2.0, म्हणजे फक्त डावा-उजवा, केले, बोलणं परत आलं. पण कसं? मिणमिणतं. कान देऊन ऐकावं, आवाज वाढवावा, तेवढ्यात गाडी उडते आणि शेजारी जागे होतात. रिमोट हातातून खाली ठेवायची सोय नाही. मग हे सहा स्पीकर मी भिंतीला शोभेसाठी टांगलेत का? वैतागून परत 5.1 केलं. (हे 2.0 लक्षात ठेवा, पुढे ते मला रडवणार आहे.)

आता मूळ दुखणं. माझा ॲम्प, म्हणजे हे सहा स्पीकर वाजवणारा डबा, जुना आहे. वाजतो उत्तम, पण त्याला एचडीसीपी 2.2 कळत नाही, त्यामुळे कॉपी-संरक्षण असलेलं 4K चित्र त्याच्यातून पुढे जात नाही. म्हणून पीसीची केबल थेट टीव्हीला लावली आणि टीव्हीकडून आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच आवाज परत पाठवायच्या सोयीने, उलटा ॲम्पकडे नेला. ऐकायला किती सुटसुटीत! प्रत्यक्षात पीसी टीव्हीला विचारतो, बाबा रे, तुला किती चॅनेल चालतात? टीव्ही म्हणतो, दोन. अरे गाढवा, दोन तुझे! तुझ्या मागे तो ॲम्प बसलाय, त्याचं नाव सांगायला तुझ्या जिभेला काय झालं? ही सगळी विचारपूस ईडीआयडी नावाच्या चिटोऱ्यावरून होते, साधारण 256 बाइटच्या. माझ्या तीन शनिवारांची माती 256 बाइटनी केली.

पीसीचं साउंड सेटिंग उघडलं की स्पीकरच्या यादीत एकच ओळ: स्टिरिओ. दुसरी ओळच नाही. ड्रायव्हर काढला, टाकला, पुन्हा काढला, जुना टाकला. नवी केबल आणली. केबलचा बिचारीचा काही गुन्हा नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

साधा एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 बरोबर आला आणि त्याची ऐपत जुन्या ऑप्टिकल केबलइतकीच आहे. सुटा, म्हणजे न दाबलेला, पीसीएम आवाज असेल तर दोन चॅनेल, सहा हवे असतील तर डॉल्बी डिजिटलसारखं दाबून बांधलेलं गाठोडं. सहा चॅनेल सुटे न्यायला ईएआरसी लागतो, तो 2017 च्या एचडीएमआय 2.1 मध्ये आला. एका 'ई'चा फरक! पोर्टवर तीन अक्षरं बघून मी हुरळलो, चौथं नाही याकडे कोण बघतो?

बरं, मग गाठोडंच पाठवू. पासथ्रू (गाठोडं न सोडता जसंच्या तसं पुढे पाठवायची सोय) चालू केला. ॲम्पच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटलची अक्षरं उमटली, मधल्या स्पीकरमधून माणूस चक्क बोलला. मी खुर्चीतून उठलो हो आनंदाने! पुढची फाइल लावली, ती डीटीएस, म्हणजे गाठोड्याचा दुसरा प्रकार. स्मशानशांतता. आता पाऊससुद्धा नाही. माझा टीव्ही डीटीएस घेतच नाही. पाठवणाऱ्या पीसीला येतं, वाजवणाऱ्या ॲम्पला येतं, आणि हा मधला दलाल दार लावून बसलाय.

त्यावर उतारा असा की पीसीने समोर येईल तो आवाज तिथल्या तिथे डॉल्बी डिजिटलमध्ये बांधायचा, सेकंदाला 640 किलोबिटपर्यंत, आणि पुढे ढकलायचा. ट्रान्सकोडिंग म्हणतात त्याला. माझ्या प्लेयरमध्ये ती सोय आहे. फक्त मला दिसत नव्हती. दोन रात्री मी त्या मेनूत वेड्यासारखा खाली-वर करत होतो. आणि का दिसत नव्हती? कारण चॅनेलच्या रकान्यात मी 5.1 निवडलेलं होतं! 2.0 करा, पासथ्रू चालू ठेवा, की तो पर्याय उगवतो. म्हणजे सहा स्पीकर वाजवायचे असतील तर 'माझ्याकडे दोनच आहेत' असं सांगायचं. आणि तेच 2.0 मी पहिल्याच रात्री लाथाडलं होतं, कारण तेव्हा पासथ्रू बंद होता. यामागे तर्क आहे, मान्य: गाठोडं दोन चॅनेलच्याच वाटेने जातं. मग तसं एक ओळीत लिहा ना तिथे! 'स्पीकर किती' असं विचारता आणि उत्तर 'वाट किती रुंद' याचं हवं असतं तुम्हाला.

काल शेवटी सगळं जुळलं. तोच सिनेमा, तोच पाऊस, आता मागच्या स्पीकरमधून. आई म्हणाली, "आता बोलतोय की हा." ती खूश. मी मात्र कॅमेरा आडवा सरकताना बसणारा एक बारीक झटका बघत होतो. सिनेमा सेकंदाला 23.976 फ्रेमचा, टीव्ही मी मोठ्या हौसेने 24 हर्ट्झवर ठेवलेला. हिशेब जुळवायला दर 42 सेकंदांना एक फ्रेम दोनदा दाखवली जाते. एकदा दिसलं की मग तेच दिसतं. मी मनात आकडे मोजत बसलो. 40, 41, हुक्. यादीत 23 हर्ट्झ असाही पर्याय आहे, तो खरा 23.976 चा. तो निवडला. पडदा काळा, मधोमध एक चौकोन: सिग्नल नाही.

आई म्हणाली, "बोलत होता ना रे चांगला!"