पानांचे मुकुट पुरे झाले

आज आदिवासी दिन. सकाळपासून शाळांचे व्हिडिओ येतायत. मुलांना क्रेपच्या कागदाची पानं गुंडाळलीत, गालांवर पांढरे ठिपके काढलेत आणि माइकवर कुणीतरी ‘आपली समृद्ध संस्कृती’ म्हणतंय. त्यातली एक शाळा तर वारल्यांच्या पाड्यालाच लागून आहे. वारल्यांच्याच पोरांना वारली म्हणून सजवलंय! डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

मागे जव्हारकडच्या एका आश्रमशाळेत गेले होते. सहावीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडेना. ‘हिला काही येत नाही,’ सर तिच्यासमोरच म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, रानातून काय काय आणता गं? तर कडू कांदावर, म्हणजे रानातल्या एका कंदमुळावर, जी सुरू झाली! काचऱ्या पातळ हव्यात. राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर ओहळात ठेवायच्या, पाणी वाहतंच हवं. सकाळी आधी मोठ्या माणसाने चाखायचं, कडू लागलं तर परत पाण्यात. तसंच खाल्लं तर माणूस आजारी पडतो. सगळं आजीकडून शिकलेलं.

हिला काही येत नाही?

राखेचं पाणी आम्लारीधर्मी असतं हे पुढे तिच्याकडून लिटमसच्या कागदावर घोकून घेतील. तिच्या घरच्या चुलीतली राख मात्र कुणाला आठवायची नाही.

आणि हे मी काही नवीन सांगत नाहीये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेत शिकवा. तरीही गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तर तिला अनधिकृत ठरवून नोटीस! गावाने पोरांना गावाच्या भाषेत शिकवायचं तर परवानगी कुणाची लागते?

मराठी यायलाच हवी, तलाठ्यापुढे तीच लागते, कबूल. पालकही म्हणतात, रानातलं घरी शिकतील, शाळेत इंग्रजी शिकवा. पण पहिलीपासून आश्रमशाळेत राहणारं पोर घरी असतं कधी? दिवाळीत आणि मे महिन्यात.

त्या सरांवरचा राग आता थोडा उतरलाय. लांबच्या जिल्ह्यातला माणूस. वारली भाषा त्याला कुणी शिकवली? दिवसभर ऑनलाइन माहिती भरण्यातच जीव जातो त्याचा.

पण सहावीच्या वर्गाने एक अख्खं सत्र कांदावर घालवलं तर काय बिघडेल? आजीला शाळेत बोलवा. ती सांगेल ते पोरांनी वारलीत लिहावं, समोरच्या पानावर मराठीत. कांदाचं वजन करा, राख मोजा. एक टोपली ओहळात, दुसरी साचलेल्या पाण्यात ठेवा आणि फरक बघा. चाखायचं काम फक्त आजीचं. भाषा, गणित, विज्ञान सगळं यात आलं. त्या मुलीला तर गटप्रमुखच करा.

ज्यांना हे पाठवतेय त्या यादीत आश्रमशाळांवरचे बरेच शिक्षक आहेत. दिवाळीनंतर कुणी हे करून बघणार असेल तर कळवा. आजीला मानधन द्यायचं, फुकट राबवायचं नाही. पैसे कमी पडले तर मी देते.