बुलेट मागा, लोकल मागू नका

गोव्यात बसून रेल्वेवर मत द्यायचे असेल तर एक पथ्य कडक पाळा. पेडण्याहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्या माणसाचा विषय काढू नका. त्याने चर्चेचा सगळा रंगच उतरतो. कुठे ताशी ३२० किलोमीटर आणि कुठे तो सकाळी सातला डब्याची पिशवी घेऊन बसची वाट बघणारा कारकून!

सुरुवात नेहमी बुलेटपासून करावी. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली, मार्ग ५०८ किलोमीटरचा. त्यात गोव्याचा काय संबंध, असे कोणी विचारलेच तर त्याची दृष्टी कोती आहे म्हणावे आणि लगेच हिशेब मांडावा. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे पुरती वीस मिनिटेही लागायची नाहीत. उत्तर सीमेवरच्या पत्रादेवीला घेतलेला चहा दक्षिण टोकाच्या पोळेला पोचेपर्यंत जीभ भाजण्याइतका गरम राहील. मध्ये गाडी कुठे थांबणार, असले खेडवळ प्रश्न विचारू नका. थांबली की वेग गेला. ज्याला गोव्यातच उतरायचे असेल त्याने कारवारला उतरून बसने मागे यावे, एवढे विकासासाठी करायला काय हरकत आहे?

राजधानीच्या शहरात रेल्वे स्टेशन नाही, याची खंत तर मुळीच करू नका. करमळी आहे ना, अकरा-बारा किलोमीटरवर. पाहुणा तिथे उतरला की टॅक्सीचा दर ऐकून दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. त्या शांततेलाच बाहेरचे लोक ‘सुशेगाद’, म्हणजे गोव्याचा निवांतपणा, म्हणतात. म्हापशालाही स्टेशन नाही, थिवी आहे. फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई इथे तर रूळच नाहीत, त्यामुळे तिथल्या लोकांना गाडी चुकल्याचे दुःख आयुष्यात कधी झाले नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि पेडणे स्टेशन त्याच तालुक्यात आहे, पण विमान आणि आगगाडी यांची ओळख करून द्यायला अजून कोणाला जमलेले नाही. एका तालुक्यात राहून तोंडओळख नाही, असे शेजार आपल्याकडे पुष्कळ असतात.

इतिहास सांगायचा झाला तर बेताने सांगा. इंग्रज-पोर्तुगीज करार १८७८ चा, त्यातून मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज लाइन झाली. बंदरातला माल घाटावर आणि घाटावरचा बंदरात, एवढाच तिचा धंदा. वाटेत कुळे, सावर्डे, चांदर, मडगाव लागले म्हणून तिथल्या माणसांना बसायला मिळाले. मग १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्यात गोवा सहा टक्क्यांचा भागीदार. गोव्यातून मार्ग नेमका कुठून न्यावा यावर इतके रण माजले की १९९३ मध्ये इथले काम थांबवून ओझा आयोग नेमावा लागला. खाडीकाठची बांध घालून राखलेली खाजन शेती बुडेल म्हणणारे होते, जुन्या गोव्याच्या चर्चना हादरे बसतील म्हणणारे होते, रूळ आतल्या तालुक्यांतून न्या म्हणणारे होते. एवढ्या भांडणात या गाडीत गोंयकार सकाळ-संध्याकाळ बसेल का, हा मुद्दा बाजूलाच पडला. तोही तुम्ही उकरून काढू नका.

वंदे भारतबद्दल बोलताना मात्र आवाज चढवा. २७ जून २०२३ रोजी, म्हणजे भर पावसात, मुंबई–मडगाव गाडी सुरू झाली आणि जन्मताच पावसाळी वेळापत्रकात गेली. कोरड्या दिवसांत मुंबईहून मडगावला पावणेआठ तास. अंतर ५८६ किलोमीटर, भागाकार ज्याचा त्याने घरी करावा. ताशी पाऊणशे येतात, पण चारचौघांत दरवाजे आपोआप उघडतात एवढेच सांगा. पावसाळ्यात तीच गाडी दहा तासांच्या आसपास घेते, आणि ते योग्यही आहे. दरड कोसळण्याची भीती असते म्हणून वेग कमी ठेवतात, जोराच्या सरीत समोरचे दिसेनासे झाले तर ताशी चाळीसवर आणतात. जीव वाचवणाऱ्या हळूपणाची चेष्टा करायची नाही, इतके तारतम्य उपरोधातही असावे. चेष्टा करायचीच असेल तर पेडण्याच्या बोगद्यातली माती बघा. १९९८ मध्ये बाकीची लाइन तयार होऊन याच बोगद्यापायी अडून बसली होती. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आतून पाण्याचे लोट आले. त्या मातीला आपण बुलेटयुगात आहोत हे अजून कोणी कळवलेले नाही.

आणि तुम्ही माणूस आहात, ही तुमची मूळ अडचण आहे. मोटार असता तर बरे झाले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये चतुर्थीच्या तोंडावर रायगडातले कोलाड ते गोव्यातले वेर्णे अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी सुरू झाली. तेव्हा एका मोटारीला ७,८७५ रुपये, एका फेरीत चाळीस मोटारी, प्रवास साधारण बारा तासांचा, आणि निदान सोळांचे बुकिंग झाले तरच गाडी सुटायची. ट्रक तर १९९९ पासून असे वाघिणीवर बसून ऐटीत येतात. थेट वेर्ण्याला! त्याच वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पेडण्या-बार्देशातली पोरे कामाला जातात, ती बसने, कंपनीच्या गाडीने, नाहीतर स्कूटरवर पावसात भिजत. पुढचा जन्म मागताना चार चाके मागून घ्या. बाकी गोव्यात माणसांइतकीच वाहने झाली आहेत, तेव्हा समाजही तुम्हाला सामावून घेईल.

आधुनिकतेचा आपल्याला अनुभव नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मडगावला स्टेशनजवळ स्कायबस होती. खांबांवर उंच रूळ आणि त्यांना खाली लटकणारा डबा, चाचणीचा मार्ग जेमतेम १.६ किलोमीटरचा. २००४ मध्ये चाचणीत अपघात झाला, एक कर्मचारी गेला. पुढे प्रकल्प गुंडाळला. खांब मात्र बरीच वर्षे उभे होते, आणि मडगावकर पाहुण्यांना ते दाखवून ‘हे काय आहे ओळखा’ असा खेळ खेळत. जमिनीवरच्या रुळांवरून सकाळी दोन जादा गाड्या सोडण्यापेक्षा हवेत डबा टांगणे कोणालाही सोपे वाटावे, अशी आपली परंपरा आहे. ती मोडू नका.

दुहेरीकरणाची मागणी करताना जरा जपून. कुळे ते कॅसलरॉक घाटात सदतिसास एक असा चढ, बाजूला दूधसागर, भोवती भगवान महावीर अभयारण्य. तिथे दुसरी लाइन टाकायची तयारी झाली तेव्हा लोकांनी विचारले, हे कोणासाठी? उत्तर ‘प्रवाशांसाठी’ असे आले आणि याच लाइनने घाटावर जाणाऱ्या मुरगाव बंदरातल्या कोळशाने तेवढ्यापुरती मान खाली घातली. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला माणसे रात्रभर रुळांवर बसली, ‘गोंयात कोळसो नाका’, म्हणजे गोव्यात कोळसा नको, म्हणाली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घाटातल्या दुसऱ्या लाइनची वन्यजीव मंजुरी रद्द केली. गंमत बघा, अख्ख्या गोव्यात प्रवाशांसाठी म्हणून रेल्वे वाढवायची एवढी निकड फक्त तिथेच लागली होती, जिथे प्रवासी सर्वांत कमी आणि झाडे सर्वांत जास्त.

एखादा शहाणा तरीही म्हणेल की रूळ तर आहेतच. पेडण्यापासून लोलयेपर्यंत एक लाइन, वास्कोपासून कुळ्यापर्यंत दुसरी, माजोर्डा-मडगावला दोन्हींची गाठ. चार-सहा डब्यांच्या गाड्या सकाळी-संध्याकाळी सोडा, प्रत्येक स्टेशनाबाहेर गाडीच्या वेळेला कदंबची, म्हणजे गोवा सरकारच्या वाहतूक महामंडळाची, छोटी बस ठेवा, झाली लोकल. अशा माणसाला ‘क्रॉसिंग’ हा शब्द ऐकवा. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे, रोहा–वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला तो रायगडात. एकेरी लाइनवर समोरून एक्स्प्रेस आली की कोणीतरी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर थांबायचे असते, आणि थांबायचा मान कायम पॅसेंजरचा. तो म्हणेल, मग क्रॉसिंगची स्टेशने वाढवा, गोव्यातला पट्टा आधी दुहेरी करा. तेव्हा घड्याळ बघा आणि म्हणा, बाबा, तू फारच बारीकसारीक बोलतोस, जरा व्हिजन ठेव.

हे सगळे मोबाईलवर नीट लिहून काढायला निवांत जागा लागते. पणजीच्या बसस्थानकावर संध्याकाळी सहाला मडगाव शटलची रांग त्यासाठी उत्तम. तिकीट काढून उभे राहावे, लिहीत राहावे, रांग सरकली की पायाने पिशवी पुढे ढकलावी. मागचा कोणी विचारू लागला, ‘आज गाडी उशिरा का हो?’ तर त्याला नळीतून विमानाच्या वेगाने धावणाऱ्या हायपरलूपबद्दल सांगा.