"सगळे सारखंच सांगतात", म्हणून खरं?

इंदूरच्या मराठी घरांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. जगभरच्या हजारो माणसांनी रात्री पलंगापाशी मोठ्या डोळ्यांचे करडे परग्रहवासी पाहिले, अनोळखी लोकांची वर्णनं जुळतात, संमोहनातही तेच निघालं, आणि २०२२ साली 'त्यांची यानं' माळव्यावरून जाताना आपणच पाहिली, असं त्यात म्हटलंय.

आधी वर्णनं जुळण्याचं बघू. आज ती जुळतात, कारण ते चित्र घरोघरी पोचलंय. १९५२ साली अमेरिकेत जॉर्ज अॅडम्स्कीने भेटल्याचा दावा केलेला शुक्रवासी लांब केसांचा, देखणा पुरुष होता. मे २००१ मध्ये दिल्लीकरांना ओरबाडणारा माकडमाणूस दिसला, तर कुणाला तो हेल्मेट घातलेला वाटला. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशात 'मुँहनोचवा' आला, तो उडता, चमकता. पाहुणा प्रत्येक गावात तिथल्या भीतीचे कपडे घालून येतो.

"पण मी जागा होतो." हा मुद्दा खरा वजनदार, आणि सांगणारा बहुधा खोटं बोलत नसतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि तो सैलपणा मागे राहतो. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. डोळे उघडे, खोली ओळखीची, पंखा फिरताना दिसतोय, पण बोट हलत नाही. बरगड्यांमधले स्नायूही ढिले असल्याने श्वास फक्त छातीखालच्या श्वासपटलाच्या जोरावर चालतो. मोठा श्वास घ्यायला जावं तर तो येत नाही, म्हणून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. कानात गुणगुण होते, अंगात थरथर जाणवते, आणि दाराशी कुणीतरी उभं असल्याची पक्की खात्री पटते. हे काही सेकंद ते दोनेक मिनिटं चालतं. उताणं झोपल्यावर, जागरणानंतर किंवा पाळ्या बदलल्यावर जास्त होतं. आपल्याकडे त्याला भूत दाबतं म्हणतात, जपानात कानाशिबारी. त्या क्षणी पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करावा आणि झोपताना कूस घ्यावी. वारंवार होत असेल आणि दिवसाही झोप आवरत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे जावं.

संमोहनाचा पुरावा म्हणून हमखास बेटी आणि बार्नी हिल यांचं नाव येतं, परग्रहवासीयांनी आपल्याला पळवून नेलं असं सांगणारं अमेरिकी जोडपं. सप्टेंबर १९६१, न्यू हॅम्पशायर. त्या रात्रीनंतर दहाएक दिवसांनी बेटीला सलग स्वप्नं पडली. तिने ती लिहून काढली, आणि ती सांगत असताना बार्नीच्या कानावर पडत होती. संमोहन झालं १९६४ मध्ये. ते करणारे डॉ. बेंजामिन सायमन यांचं स्वतःचं मत, हे अपहरण नव्हे, स्वप्नांतून आलेली कल्पना. मेसेजात हे वाक्य नेमकं गाळलंय! संमोहनाने आठवण नेमकी होत नाही. तिच्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

राहिली माळव्यातली यानं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी बडवानी-झाबुआपासून नागपूरपर्यंत दिसलेल्या पेटत्या रेघा चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटच्या जळत्या टप्प्याच्या होत्या. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडलेली सापडली. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत विझते. असा कचरा तुकड्यातुकड्यांनी, सावकाश सरकत जातो. आणि इंदूरच्या विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीच्या बाजूला स्थिर तरंगणारा दिवा दिसला तर दोन मिनिटं थांबा. समोरून येणारं विमान जागचं हलत नाहीसं वाटतं.

घरात कुणी असा अनुभव सांगितला तर हसू नका आणि "डोळे मोठे होते का?" असंही विचारू नका; पुढच्या वेळी ते मोठेच असतील. "मग काय झालं?" एवढंच विचारा. त्याच दिवशी, इंटरनेट उघडण्याआधी, कागदावर दोन रकाने करा: काय दिसलं, आणि काय वाटलं. वेळ, कुशीवर की उताणं, आदल्या रात्रीची झोप, हे लिहा. आकाशातली गोष्ट असेल तर हात ताणून मूठ धरा. एक मूठ साधारण दहा अंश, त्यावरून क्षितिजापासूनची उंची नोंदवा. दोघांनी पाहिलं असेल तर आधी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून लिहू द्या. चहा एकत्र, पण नंतर.